रंगाने गळती थांबत नाही, मंत्रिमहोदय

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी आमच्या पुनर्वसन इमारतीची गच्ची दुरुस्त होईल, असं आम्हाला लेखी कळवलं होतं. मेअखेरीस ठेकेदाराची माणसं आली आणि फुगलेल्या कोब्यावरच (स्लॅबवरच्या सिमेंटच्या थरावरच) पांढऱ्या केमिकलचे दोन हात मारून गेली. पहिल्याच मुसळधार पावसात वरच्या मजल्यावर छताला ओल फुटली. आज कपाटामागची भिंत काळी पडली आहे, पुट्टीचे पोपडे हातात येतात, गाद्यांना कुबट वास मारतो. कागदावर मात्र काम पूर्ण आहे.

गच्ची अशी दुरुस्त होत नाही. आधी कोबा ठोकून पाहायचा, पोकळ वाजेल तिथला स्लॅबपर्यंत काढायचा. भेगा भरून नवा कोबा घालायचा, पावसाळी पाइपाच्या तोंडाकडे 1:100 उतार ठेवून, म्हणजे शंभर फुटांना एक फूट. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथे गोलाई द्यायची, कारण तो कोपरा काटकोनी सोडला की पहिली भेग तिथेच जाते. मग पाइपांची तोंडं बुजवून गच्चीवर किमान 48 तास पाणी तुंबवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. ही चाचणी कुणी घेतलीच नाही. घेतली असती तर ठेकेदाराचं बिल तिथेच अडलं असतं.

मधल्या मजल्यांचं दुखणं वेगळं. तिथे पाणी डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या) पाइपांच्या सांध्यांतून आणि बाहेरच्या गिलाव्याच्या भेगांतून मुरतं. काही घरांत तर गळती नाहीच, हवेतली वाफ गार भिंतीवर बसते. ओळखायला हातभर प्लास्टिक पुरतं. ते चिकटपट्टीने चारही कडांनी भिंतीला लावा, 24 तासांनी पाहा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर वाफ, भिंतीच्या बाजूला असतील तर मुरलेलं पाणी. पाहणीला आलेल्यांनी एवढंही केलं नाही. 'रहिवासी खिडक्या बंद ठेवतात' असा शेरा मारून गेले.

खिडकी उघडून काय करायचं, साहेब? समोरची इमारत तीन मीटरवर आहे. पुनर्वसन योजनांना इमारतींमधल्या मोकळ्या जागेच्या नियमात सवलती सरकारनेच दिल्या. 225 चौरस फुटांत पाच-सहा माणसं, स्वयंपाकाची वाफ, दोरीवरचे ओले कपडे. एवढा दमटपणा बाहेर जायला वाटच नाही. दमेकरी पोरांना त्याच भिंतीला लागून झोपवावं लागतं. हे घर आहे की शिक्षा?

आता पुन्हा रंग मारू नका. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट चढवला की पाणी आत कोंडतं आणि महिन्याभरात फुगे धरतात. आधी गळती बंद करा. ओलीच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत गिलावा विटेपर्यंत काढा, भिंत निदान तीन-चार आठवडे वाळू द्या, मग 1:4 सिमेंट-वाळूचा गिलावा करा, 50 किलोच्या गोणीला 200 मिली वॉटरप्रूफिंग द्रव घालून. बुरशी कोरडी घासायला माणसं पाठवू नका, तिची पूड घरभर उडते. मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायची असते. ब्लीच वापरलंच तर त्यात टॉयलेट क्लीनरचा थेंबही पडू नये, विषारी वायू सुटतो.

हे सगळं कोणत्याही चांगल्या गवंड्याला ठाऊक आहे. पण निविदा सर्वांत कमी दराला जाते, कार्यादेश मे महिन्यात निघतो, आणि वाळायला आठवडे लागणारं काम पावसाच्या तोंडावर उरकलं जातं. गरिबाचं घर म्हणजे फुकटचं, मग गळलं तर बोलायचं नाही, हीच यंत्रणेची समजूत आहे. फ्लॅट विकत घेणाऱ्याला रेरा कायद्याचं (घरखरेदीदारांना बिल्डरपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम 14(3) पाच वर्षांची हमी देतं. बांधकामातला दोष कळवल्यापासून 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तेवढीच हमी आम्हालाही लेखी द्या.

तोवर एक आदेश आजच काढता येईल. पाणी तुंबवण्याच्या चाचणीच्या कागदावर वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची सही असल्याशिवाय ठेकेदाराला एक रुपयाही देऊ नये.

आपले,
पुनर्वसन वसाहतीतील रहिवासी, मुंबई