आई-बाबा, दातांचं तेवढं आता मनावर घ्या

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर दातांचा विषय काढला की बाबा तुम्ही पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय ते सांगायला लागता आणि आई तू "कुकर लावलाय गं" म्हणून फोन ठेवतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, घाई नको.

त्र्यंबोलीच्या जत्रेला घरी आले होते तेव्हा मी बघितलं बाबा. नळी चोखल्याशिवाय ज्या माणसानं कधी ताट सोडलं नाही तो माणूस मटणाच्या फोडी ताटाच्या कडेला सारून नुसत्या तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून खात होता, ते पण एकाच बाजूनं. विचारलं तर म्हणालात, "वय झालं, दात जायचेच आता". मला त्या दिवशी लई वाईट वाटलं, जेवण पण नीट गेलं नाही.

बाबा, नुसत्या वयानं दात जात नाहीत. तुमचा खालचा दात हलतोय आणि ब्रश करताना बेसिनमध्ये लाल दिसतंय, तो हिरड्यांचा आजार आहे, आपण पायरिया म्हणतो तोच. दातावर रोज जो चिकट थर बसतो त्यात जंतू असतात, तो नीट निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो आणि त्याचं कीटण होतं, मग तुम्ही कितीही घासा ते ब्रशनं निघत नाही. त्याच्यामुळं हिरडी सुजते, रक्त येतं, पुढं हिरडी दातापासून सुटते आणि आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. आणि वाईट म्हणजे हे सगळं होताना बहुतेक वेळा दुखतच नाही! म्हणून माणूस निवांत राहतो आणि दात हलायला लागल्यावर जागा होतो. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही पण झीज तिथंच थांबवता येते, म्हणूनच मला घाई आहे.

आणि तुम्हाला शुगर आहे, ही त्यातली मोठी गोष्ट. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोर धरतो आणि हिरड्यांची सूज असली की शुगर आटोक्यात यायला त्रास देते, दोन्हीकडून ओढाताण. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा थोडा खाली येतो असं बऱ्याच पेशंटमध्ये दिसलंय. तुम्ही पहाटे रंकाळ्याला चालता, भात कमी केलात, मग तोंडच तेवढं का सोडायचं?

रंकाळ्यावरच्या तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी सांगितलंय ना की दात साफ करून घेतले की ते ढिले होतात. तसं होत नाही. होतं काय की कीटणानं दातांमधल्या फटी भरलेल्या असतात, ते काढलं की फटी मोकळ्या दिसतात आणि जिभेला वेगळं लागतं, थोडे दिवस गार पाणी झोंबतं, सुजलेली हिरडी बसते त्यामुळं दात लांब झाल्यासारखा वाटतो. दात आधीच सैल झालेला असतो, कीटणानं ते झाकलेलं असतं इतकंच. आणि वरचा दात काढला की नजर जाते हे तर अजिबात खरं नाही, दाताच्या नसा वेगळ्या, डोळ्याच्या वेगळ्या.

आई, आता तुझं. तू रागावशील पण लिहितेच.

सकाळी चहाच्या आधी तू मोरीपाशी बसून मिसरी लावतेस, ती लावल्याशिवाय तुझं पोट साफ होत नाही, डोकं धरतं, मला माहितीय, लहानपणी तव्यावर तंबाखू भाजताना तो वास घरभर व्हायचा आणि मी खोकत अंगणात पळायचे. पण मिसरी म्हणजे तंबाखूच, जळून काळी झाली म्हणून तिच्यातलं विष जात नाही. डोकं धरतं ते तंबाखूच्या सवयीमुळं, तलफ आली की डोकं दुखतं आणि लावली की उतरतं, आणि आपल्याला वाटतं मिसरीनं बरं वाटलं. ती खरखरीत असते त्यानं दात झिजतात, जिथं रोज लावतेस तिथली हिरडी खाली सरकते, आणि सगळ्यात भीती कॅन्सरची. धूर नसलेल्या तंबाखूनं पण तोंडाचा कॅन्सर होतो, याच्यात आता डॉक्टरांचं दुमत नाही. माझी तुला हात जोडून विनंती आहे आई, सोड ती. एकदम जमत नसेल तर आधी दुपारची बंद कर, सरकारचा टोल फ्री नंबर आहे १८००-११-२३५६, तंबाखू सोडायला मदत करतात, मी तुझ्या शेजारी बसून फोन लावून देईन. तुझं चिडचिडं होणं मी सहन करेन, तेवढे दिवस हवं तर मी रोज दोनदा फोन करेन.

तोपर्यंत एक काम कर, दोघांनीही करा. रविवारी उजेडात आरशासमोर तोंड मोठं उघडून गालाच्या आत, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघायचं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक गाठ, तोंड पूर्वीएवढं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर मला त्याच दिवशी सांगायचं, "उगाच पोरीला कशाला घोर" असं करायचं नाही.

आई तुझं तोंड कोरडं पडतं ते पण साधं समजू नकोस. बीपीच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते आणि लाळच तर दातांना सांभाळते, आम्ल धुवून काढते. म्हणून तुझ्या हिरडीजवळ दाताच्या मुळाशी कीड लागलीय, तिथं वरचं कडक आवरण नसतं त्यामुळं ती पटकन आत जाते. गोळी मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग, आणि घोट घोट पाणी पीत रहा. तोंड कोरडं वाटलं की गुळाचा खडा चघळायची सवय मात्र बंद कर. आपल्या कोल्हापूरचा गूळ कितीही चांगला असला तरी दातातल्या जंतूंना साखर काय आणि गूळ काय सारखंच, गोड मिळालं की ते आम्ल करतात आणि दर वेळी दातावर हल्ला होतो, म्हणून किती खाल्लं याच्यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. खायचाच तर जेवणाबरोबर खा. बाबा, चहासोबतची बिस्किटं पण यातच आली.

ब्रशचं सांगते. बाबा तुम्ही तो कडक ब्रश घेऊन आडवं खसाखसा घासता त्यानं हिरडीलगत खाच पडलीय, गार पाणी लागतं ते तिथंच. मी दोन सॉफ्ट ब्रश पाठवलेत. ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका धरायचा, हलक्या हातानं छोटे गोल फिरवायचे, आतली बाजू आणि शेवटची दाढ विसरायची नाही, सगळं मिळून दोन मिनिटं. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी पुरे. राखुंडी आणि मीठ दोन्ही बंद. झाल्यावर फेस थुंकायचा पण लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत, फ्लोराइडला दातावर थोडं राहू दे. रक्त येतं म्हणून ती जागा सोडून घासू नका, उलट तिथंच थर साठलेला असतो, हळू पण रोज करा. केस वाकडे झाले की ब्रश बदला, नाहीतर तीन एक महिन्यांनी बदलाच.

आणि रात्री ब्रश करायचाच. झोपेत लाळ कमी होते त्यामुळं रात्री तोंडात राहिलेलं अन्न जास्त घात करतं. गंगावेशीचं दूध प्यायचं असेल तर आधी दूध, मग ब्रश, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

आई, कवळी रात्री काढून पाण्यात ठेव, गरम पाण्यात नको, वाकडी होते. सकाळी साध्या साबणानं मऊ ब्रशनं धू, पेस्टनं चरे पडतात. कवळीची तार ज्या दाताला अडकते तो दात सगळ्यात जास्त जपायचा.

दाढ दुखली की लवंगेचं तेल कापसावर लावून रात्र काढायला ठीक आहे, पण दुखायचं थांबलं म्हणजे कीड गेली असं नाही, कधी कधी आतली नस मेली म्हणून दुखणं थांबतं आणि नंतर गाल सुजतो. डिस्प्रिन दाढेत धरून ठेवू नका, हिरडी भाजते.

बाबा, पुढच्या शनिवारी सकाळची अपॉइंटमेंट मी घेतलीय राजारामपुरीत, दोघांची एकदमच. मी शुक्रवारी रात्री येते. उपाशी जायचं नाही, नाश्ता करून आणि शुगरची गोळी नेहमीसारखी घेऊन निघायचं. ती रक्त पातळ करायची गोळी तुम्ही मनानं बंद करू नका, डेंटिस्टला आधी सांगायचं, मग ते तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारून ठरवतील. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा शुगरचा रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा. आई, तू हाडांसाठी मधे काही गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं होतंस ते कागद पण काढून ठेव, दात काढायची वेळ आली तर त्यांना ते माहीत असावं लागतं. ती फाइल बहुतेक लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, सापडली नाही तर आल्यावर मी शोधते.

तुमची लेक