उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांना

आदरणीय मिस्त्रीमामा,
सा. न. वि. वि.

'नाव कुठं लिहू नका' म्हणालात, म्हणून नुसतं मामाच लिहिते. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली आणि आमच्या काकवीला मागणीही तेव्हाच वाढली. तोवर झाकणं हातानंच आवळत होतो. दिवसाला चारशे बाटल्या झाल्या की मावशींची मनगटं सुजायची, रात्री भाकरी थापवायची नाही. म्हणून कर्ज काढून झाकणं लावायचं जुनं मशीन घेतलं. पहिल्याच आठवड्यात मुंबईला गेलेली बारा खोकी पाझरून परत आली. विकणाऱ्यानं फोन उचलायचं बंद केलं. दुसऱ्या एकानं सगळा क्लच, म्हणजे झाकण पुरेसं आवळलं की सुटणारा भाग, बदलायला सांगितला. ऐकूनच पोटात गोळा आला.

तुम्ही आलात आणि पाना पिशवीतून काढलाच नाही. स्टूल ओढून अर्धा तास मशीन नुसतं बघत बसलात. मग एक बाटली उचलून तिच्या गळ्यावरून अंगठा फिरवलात आणि माझ्यासमोर धरलात. अंगठ्यापासून बोटापर्यंत काकवीची तार.

"ताई, झाकणाचा दोष न्हाई. आट्यांवर काकवी सांडतीया."

नोजलचा शेवटचा थेंब नेमका बाटलीच्या आट्यांवर पडत होता. झाकण पकडून फिरवणाऱ्या चकमधलं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, ते झाकणावरून घसरायचं आणि आम्हाला वाटायचं क्लच सुटला. क्लच धडधाकट होता. रबर तुम्ही तिथंच मापानं कापून बसवलंत, चकची उंची आमच्या बाटलीला जुळवलीत. शिवाय गरम काकवी भरून लगेच आवळलेलं प्लॅस्टिकचं झाकण निवल्यावर सैल पडतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता बाटल्या निवल्या की परत तपासतो.

तुमचा हिशोब भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय: झाकणाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण निम्मे इंच-पौंड जोर. आमचं झाकण 38 चं, म्हणजे 19 च्या आसपास. त्याहून जास्त आवळलं तर आटे जातात आणि गिऱ्हाइकाला बाटली उघडत नाही.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. मावशी मशीनला हात लावायला भीत होत्या. तुम्ही त्यांचा हात धरून झाकण आधी थोडं उलटं फिरवायला लावलंत. 'टक्' झालं, आटे जुळले, मग सुलटं. "कळलं न्हवं? मशीन अडलं की पयलं हातानं करून बघायचं." त्या दिवसापासून चकचं सेटिंग त्याच करतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

त्यानंतर एकही खोकं परत आलेलं नाही. मजुरी तुम्ही रबराच्या किमतीएवढीच घेतलीत, वर नातवंडांसाठी काकवी दिली तर तिचे पैसे पुढे केलेत. ते मी घेतले नाहीत, घेणारही नाही. हंगाम संपायच्या आत नातवंडांना घेऊन गुऱ्हाळावर या. मावशी रोज विचारतात, मामा कधी येणार.

तुमची,
काकवीवाली ताई
करवीर, कोल्हापूर