क्लच प्लेटा बदलण्याआधी प्ले आणि ऑइल तपासा

महोदय,

ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात कामावर जाण्यासाठी किंवा डिलिव्हरीच्या नोकरीसाठी सेकंड हँड मोटारसायकल घेणारे पुष्कळ आहेत. गाडी हातात आल्यावर काही दिवसांतच एक तक्रार हमखास येते: ‘गाडी नुसती ओरडते, पळत नाही.’ गॅरेजमध्ये एक चक्कर मारली जाते, ‘क्लच प्लेटा (एकमेकींना घट्ट धरून इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या चकत्या) गेल्या’ असा निकाल लागतो आणि साइड कव्हर खोलले जाते. दुचाकी दुरुस्तीच्या धंद्यातल्या आम्हा कारागिरांचे म्हणणे असे की, प्लेटांवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. त्याआधी क्लच केबलचा प्ले (लिव्हरची सुरुवातीची मोकळी हालचाल) आणि इंजिन ऑइल पाहावे. या दोन्ही गोष्टी तपासायला पैसे लागत नाहीत.

आधी क्लच खरोखर स्लिप होतो आहे का, म्हणजे प्लेटांची पकड सुटते आहे का, याची खात्री करावी. इंजिनच अशक्त असेल तर ॲक्सिलरेटर पिळूनही आवाज चढत नाही. क्लच स्लिप होत असेल तर आवाज लगेच चढतो, पण स्पीडोमीटरचा काटा जागचा हलत नाही. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये 40 च्या वेगाला ॲक्सिलरेटर एकदम पिळा, फरक कानाला कळतो. चढावर तो जास्त स्पष्ट होतो. ठाण्यात उपवनकडून येऊरला जाणारा रस्ता किंवा बेलापुरात पारसिक टेकडीचा चढ यासाठी चांगला. मात्र गाडी आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम करा. थंड इंजिनात ठीक वाटणारा क्लच गरम झाल्यावर खरा रंग दाखवतो. ज्या गाड्यांची किक फक्त न्यूट्रलमध्येच मारता येते, त्यांची किक क्लचमधूनच इंजिनला फिरवते. अशा गाडीत किक अधूनमधून इंजिन न फिरवता सुळकन खाली जात असेल, तर क्लचची स्लिप बरीच वाढली आहे असे समजावे.

आता प्ले. क्लचचा लिव्हर दाबायला घेतल्यावर सुरुवातीला तो मोकळा हलतो, तोच प्ले. 100 ते 125 सीसीच्या बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर प्ले लागतो. काही कंपन्या तो लिव्हरच्या मुळाशी मोजतात आणि तिथे 2-3 मिलिमीटर पुरतो, म्हणून आपल्या गाडीचे मॅन्युअल पाहावे. इथे अनेकांचा उलटा समज असतो. स्लिप होते म्हणून लोक केबल ताणतात. खरे तर केबल जास्त टाइट असेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा एकमेकींना पूर्ण धरत नाहीत आणि स्लिप वाढते. केबल फार ढिली असेल तर त्रास वेगळा असतो: गिअर अडकत पडतो, न्यूट्रल सापडत नाही, लिव्हर दाबूनही गाडी पुढे सरकते.

ॲडजस्ट करताना हँडलकडचा लॉकनट सोडून तिथला ॲडजस्टर पूर्ण आत घ्या. मग इंजिनकडच्या नटाने प्ले जवळपास आणा आणि शेवटचा बारीक फरक हँडलवर काढा. त्यानंतर हँडल डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहा. एका बाजूला प्ले नाहीसा होत असेल तर केबल चुकीच्या जागेवरून गेली आहे किंवा कुठेतरी अडकते आहे. लिव्हर सोडल्यावर रेंगाळत परत येत असेल, किंवा टोकाशी तार पिंजलेली दिसत असेल, तर केबल नवीच घाला. एक खूण मात्र ध्यानात ठेवावी. प्लेटा झिजतात तसा बहुतेक गाड्यांत प्ले कमी होत जातो. ॲडजस्ट केलेला प्ले थोड्याच दिवसांत पुन्हा संपत असेल, तर आता खरोखर प्लेटांची वेळ आली.

सर्वांत जास्त घोळ ऑइलचा होतो. मोटारसायकलच्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. स्कूटरचा क्लच कोरडा आणि इंजिन ऑइलच्या बाहेर असतो, त्यामुळे स्कूटरचे ऑइल जास्त निसरडे असले तरी चालते. घरात दोन्ही गाड्या असल्या की स्कूटरची उरलेली बाटली मोटारसायकलमध्ये ओतली जाते आणि क्लच सुटायला लागतो. कारच्या पातळ ऑइलचेही तेच. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘जासो एमए’ (JASO MA, ऑइलचे जपानी मानक) किंवा ‘एमए2’ असेल तरच ते मोटारसायकलला घालावे, ‘एमबी’ असेल तर घालू नये. ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाड-पातळपणा, कंपनी सांगेल तीच: एखाद्या गाडीला 10डब्ल्यू-30, दुसरीला 20डब्ल्यू-50. चुकीचे ऑइल पडलेच असेल तर ते काढून योग्य ऑइल भरावे, थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे. पुष्कळदा स्लिप तेवढ्याने जाते. नाही गेली तर प्लेटांनी ते ऑइल धरले आहे, त्या बदलाव्या लागतील.

ऑइलची लेव्हल पाहताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी हवी. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा, मग ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) पुसून बुडवा. अनेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि पट्टीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे. तशी गाडी पुढे चालवू नये.

एवढे करूनही स्लिप राहिली, तर क्लच खोलावा. पण खोलल्यावर मोजावे. अनेक छोट्या गाड्यांत नवी फ्रिक्शन प्लेट (पकड देणारे अस्तर असलेली प्लेट) 3 मिलिमीटरच्या आसपास असते आणि 2.6 च्या जवळ आली की संपली. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाकल्यात का ते पाहावे. 0.20 मिलिमीटरची फट अनेक मॅन्युअलांत शेवटची मर्यादा आहे. निळसर डाग म्हणजे प्लेट तापून गेली. स्प्रिंगांची लांबी व्हर्नियरने मोजावी आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळावेत, कव्हरचे पॅकिंग नवे घालावे.

दोन जुगाड मात्र बंद झालेच पाहिजेत. पहिला, स्प्रिंगखाली वॉशर टाकणे. चार दिवस पकड येते, पण लिव्हर दगडासारखा जड होतो आणि केबल तुटते. दुसरा, जुन्या प्लेटा पॉलिश पेपरवर घासून परत बसवणे. झिजलेली जाडी घासून परत येत नाही, उलट आणखी कमी होते.

चेन आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) हीही विसरू नयेत. झिजलेल्या दातांवरून चेन उडते तेव्हा तोच झटका क्लचचा समजला जातो. चेनचा ढिलेपणा बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ठेवावा आणि साधारण दर 500 किलोमीटरला, पावसात त्याहून लवकर, ती साफ करून ऑइल द्यावे.

घोडबंदर रोडवर गायमुख घाटात किंवा शिळफाट्याला गाड्या तासन् तास मुंगीच्या पावलांनी सरकतात. तिथे हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवणे हेच प्लेटा जळण्याचे खरे कारण. पुढची गाडी थांबली की न्यूट्रल करा, आणि चालवताना लिव्हरवर दोन बोटे टेकवून ठेवायची सवय सोडा. तेवढ्या भारानेही प्ले संपतो.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून दोघांना विनंती करावीशी वाटते. सेकंड हँड गाड्या विकणाऱ्यांनी ग्राहकाला गरम इंजिनावर चढाची चाचणी घेऊ द्यावी आणि शेवटी कोणते ऑइल भरले ते सांगावे. गॅरेजवाल्यांनी बिलावर ऑइलची ग्रेड आणि जासोचा शिक्का लिहावा, आणि प्लेटा बदलल्या तर जुन्या प्लेटा मापासह ग्राहकाच्या हातात द्याव्यात.

– एक दुचाकी कारागीर, कळवा (ठाणे)