आईचं ऑपरेशन: दुर्बिणीतून की पोट उघडून?

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो आणि आई 'काय ते तुम्हीच ठरवा' म्हणून फोन ठेवते. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी सोबत बसून वाचा.

बाबा, तुमचं म्हणणं मला कळतंय. आत्याचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, ती लगेच घरी आली, बघता बघता चुलीपुढं बसली. मग आईचंच पोट का फाडायचं? पित्ताशयासाठी दुर्बीणच बरी, यात कुणाचं दुमत नाही. तिथं एक पिशवी सुटी करून बाहेर घ्यायची असते. आईची गाठ मात्र पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जिथं उघडतात, त्या तोंडाशी आहे. म्हणूनच तर तिचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली आणि खाज सुटली. अंगाला फणी घेऊन रात्रभर खाजवत बसायची ती. पित्ताची वाट मोकळी ठेवायला नळीत स्टेंट टाकल्यावर ते थांबलं, पण गाठ तिथंच आहे, आणि कॅन्सरची असल्यानं एकटी खुडून काढता येत नाही. स्वादुपिंडाचं डोकं, जठराला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा तुकडा, सगळं एकत्र काढावं लागतं. मग स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर असं तिन्ही पुन्हा आतड्याला जोडायचं. याला व्हिपलचं ऑपरेशन म्हणतात. वरून बारीक छिद्रं पाडा नाहीतर मोठा छेद घ्या, आतलं काम तेवढंच राहतं.

खरी धास्ती त्या जोडांची, त्यातही स्वादुपिंडाच्या. त्याचा रस अन्न पचवतो. जोड गळला तर तोच रस आजूबाजूच्या मांसावर उतरतो, आणि रक्तवाहिनीला लागला तर रक्तस्राव होतो. आईच्या जागच्या गाठीत बरेचदा स्वादुपिंड मऊ असतं आणि त्याची नळी बारीक. ताज्या खव्याला टाका घालावा तसं ते काम. तिथं सर्जनचा हात किती सरावलेला आहे, यावर सगळं येतं.

हे मी मनानं सांगत नाही. नेदरलँडमध्ये याच ऑपरेशनची चाचणी झाली, 2019 साली छापून आली. कुणाचं दुर्बिणीतून, कुणाचं उघडून, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. सर्जन खास प्रशिक्षण घेतलेले. तरी दुर्बिणीच्या 50 जणांपैकी 5 जण 90 दिवसांच्या आत गुंतागुंतीनं गेले, उघडून केलेल्या 49 पैकी 1. आकडे लहान आहेत, योगायोगही असू शकतो. पण त्यांनी चाचणी मध्येच थांबवली, आणि मला ते पटलं.

दुसरी बाजूही ऐका. आपल्याकडे कोइमतूरला 64 रुग्णांवर अशीच चाचणी झाली, ती 2017 ला आली. दुर्बिणीवाले साधारण 7 दिवसांत घरी, उघडून केलेले 13 दिवसांत, आणि गुंतागुंत दोन्हीकडं जवळपास सारखी. ते सर्जन वर्षानुवर्षं हेच करत आलेले. चीनमध्ये 656 जणांवर झाली, 2021 ला छापली. तिथं दुर्बिणीतून अशी किमान 104 ऑपरेशनं केलेल्या सर्जनलाच घेतलं होतं. मृत्यू दोन्हीकडं शंभरात 2 च्या आसपास. आणि एवढ्या सरावानंतर फायदा किती? दवाखान्यातला मुक्काम 16 चा 15 दिवस.

एका दिवसासाठी मी आईला नवख्या हातात देणार नाही.

गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडं असती तर मीच दुर्बीण म्हटलं असतं. तिथं हे जोड नसतात, आणि नेदरलँडच्याच दुसऱ्या चाचणीत दुर्बिणीवाले 4 दिवसांत सावरले, उघडलेले 6 दिवसांत.

ज्या दवाखान्यात 'दुर्बिणीतूनच करू, काळजी करू नका' म्हणाले, तिथं मी विचारलं, व्हिपल किती केलेत दुर्बिणीतून? ते पित्ताशय आणि अपेंडिक्सचे आकडे सांगायला लागले. दुसऱ्या सर्जननी मात्र सरळ सांगितलं, 'मी दोन्ही करतो, पण तुमच्या आईचं उघडून करेन, सीटीत स्वादुपिंडाची नळी फार बारीक दिसतेय.' जोड गळला तर रात्री कोण असतं, रक्तस्राव थांबवायची सोय तिथंच आहे का, हेही विचारून घेतलं. आहे. माझं मत त्यांच्याकडंच.

आई, आता तुझ्याशी. छेद मोठा असेल, दुखेल. दुखू नये म्हणून पाठीतून बारीक नळी घालून औषध देतात. पोटात ड्रेनच्या नळ्या असतील, त्यातलं पाणी तपासून जोड गळतोय का ते बघतात, म्हणून त्यांना घाबरायचं नाही. पुढं वजन उचलताना जपायचं, नाहीतर हर्निया होतो. कळशी, भारा काही नाही, वहिनी आहे. जेवताना पचनाच्या गोळ्या लागू शकतील. आणि मिश्री आजपासून बंद. एकदासुद्धा नको. छातीत कफ झाला तर ऑपरेशननंतर खोकताना तुलाच कळा येतील. त्यासाठी श्वासाच्या व्यायामाची, फुंकायची म्हणतात ती तीन गोळ्यांची डबी पाठवतेय. तिच्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. दादा दाखवील.

बाबा, शुक्रवारी गारगोटीहून सकाळच्या एसटीनं या. सीटीची सीडी, तुकड्याचा रिपोर्ट, रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं आणा, सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचंय. सर्जनना जे विचारायचं ते तुम्ही स्वतः विचारा, मी मध्ये बोलणार नाही. तरीही दुर्बीणच हवी वाटली, तर हाच सीटी घेऊन हे ऑपरेशन दुर्बिणीतून नेहमी करणाऱ्या सर्जनकडं आपण जाऊ. पण पुढच्या आठवड्यातच. यापेक्षा जास्त थांबायचं नाही.

तुमची
वैशाली