'मीठ अंदाजे' म्हणजे किती हो?

मा. संपादक,
मला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा, कुकर लावला की माझी धाव संपली, पण पाककृतींची पुस्तकं मात्र मी कादंबरीसारखी लोळत वाचते. कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं 'रुचिरा' तर कुठूनही उघडावं, सगळी मापं वाटी-चमच्यात, त्यामुळे घरात वजनकाटा नसला तरी आपल्यालाही जमेल की असं उगाच वाटत राहतं (करत नाही ती गोष्ट वेगळी!). तुमच्या पुरवणीतल्या रेसिपींचे फोटो भारी असतात, पण 'मीठ अंदाजे', 'मसाला आवडीनुसार' वाचून आमच्यासारख्यांनी करायचं काय? अंदाज असता तर पुस्तक कशाला उघडलं असतं? तेवढी मापं नीट छापा, आणि गॅस बारीक कधी करायचा तेही लिहा प्लीज.
– एक वाचक, ठाणे