विंटर ट्रेकच्या जाहिरातीत हिमस्खलनाची एक ओळ तरी टाका

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळी झाली की नागपुरात केदारकांठा, ब्रह्मताल, मनालीच्या ट्रेकचे पोस्टर व्हॉट्सअपवर फिरायला लागतात, जेवण, टेंट, फोटो सगळं लिहिलेलं असतं पण हिमस्खलनाबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

मी अशाच एका ग्रुपसोबत जानेवारीत मनालीच्या वर गेलो होतो. दोन दिवस सारखा बर्फ पडला, तिसऱ्या दिवशी सकाळी मस्त ऊन निघालं आणि आम्ही सगळे खूश, चला आता वर. तिथला गाईड मात्र एका उतारापाशी थांबला, काठी खुपसली, वर घट्ट लागलं आणि मग काठी सर्रकन आत गेली. त्याने खणून खालचा बर्फ माझ्या हातावर ठेवला, अगदी जाड्या रव्यासारखा, कितीही दाबा लाडू वळेना. सुरुवातीचा बर्फ थोडाच असतो, त्यात कडाक्याच्या थंडीच्या रात्री, म्हणून तो असा दाणेदार होतो, मग वरचा नवा बर्फ त्याला धरत नाही आणि माणसाच्या वजनाने अख्खी लादी सुटते. ३० ते ४५ अंशाच्या उतारावर हे जास्त होतं, आणि पायाखाली धप्प आवाज आला तर तिथूनच मागे फिरायचं. आमचा नागपूरचा लीडर त्याच्याशी भांडला, लोकांनी पैसे भरलेत म्हणे. गाईडने ऐकलं नाही, परत आणलं. अर्धे जण आजही पैसे बुडाले म्हणतात, मी त्या माणसाचे उपकार मानतो.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीत द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहणाच्या ट्रेनिंगची तुकडी हिमस्खलनात सापडली, २७ जणांचे मृतदेह मिळाले, त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेली सविता कंसवालसुद्धा होती. एवढी तयारीची माणसं गेली तर आपले पोट्टे तर पहिल्यांदाच बर्फ बघतात. आणि ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात जे ७ जण दगावले ते तर साधे टुरिस्ट होते, परवानगी तेराव्या मैलापर्यंतची आणि लोक गेले पंधराव्यापर्यंत.

गाडल्या गेलेल्याला पंधरा मिनिटांत काढलं तर वाचायची आशा असते, नंतर ती भराभर कमी होते. तेवढ्यात खालून मदत येऊच शकत नाही, सोबतच्यांनीच काढायचं असतं आणि त्याला बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते सिग्नलने दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं लागतं. आमच्या ग्रुपमध्ये यातलं काहीच नव्हतं.

आता माझी पोरगी डिसेंबरात जातेय. मी आयोजकाला विचारलं, डीजीआरईचं (डीआरडीओची बर्फ-हिमस्खलनावर काम करणारी संस्था) हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन बघता का, परत फिरायचं कोण ठरवतं, तर म्हणे काका टेन्शन नका घेऊ, दरवर्षी नेतो. हे काही उत्तर झालं का?

साहेब, उन्हाळ्यात तुम्ही रोज पारा छापता, तसं डिसेंबर ते एप्रिल हे बुलेटिनही दोन ओळीत छापा ना. घरी बसलेल्या आईबापांना निदान फोन करून पोरांना थांब म्हणता येईल.

एक वाचक, मनीष नगर, नागपूर