हवेवर जगणारी झाडे उपाशी मरतात

महोदय,

काचेच्या गोळ्यात ठेवलेली किंवा दोऱ्याने टांगलेली टिलँडसिया, म्हणजेच ‘एअर प्लांट’, देताना ‘याला काहीच लागत नाही’ असे सर्रास सांगितले जाते आणि या समजुतीपायीच त्यांतली बरीचशी झाडे वाळून जातात, म्हणून हे पत्र.

अननसाच्या कुळातील या वनस्पतींच्या सहाशेहून अधिक जाती अमेरिका खंडांत झाडांच्या फांद्यांवर, खडकांवर, कधी विजेच्या तारांवरही वाढतात. त्यांना बांडगूळ समजणे अन्यायाचे आहे, कारण त्या आधाराच्या झाडातून काहीही शोषून घेत नाहीत. त्यांची मुळे प्रामुख्याने पकड घेण्यापुरतीच असतात. मुळांचे खरे काम पाने करतात. पानावरची रुपेरी लव भिंगाखाली पाहिली, तर ती सूक्ष्म खवल्यांची बनलेली दिसते. पाणी पडताच हे खवले ते टिपून घेऊन पानाला चिकटतात, त्यांच्या देठातील जिवंत पेशींवाटे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार आत जातात आणि रुपेरी पान बघता बघता हिरवे दिसू लागते. पावसाचे पाणी, धूळ आणि कुजका पालापाचोळा यांतून मिळेल तेवढ्यावर ती पोसली जातात. हवेतला नायट्रोजन वायू मात्र त्यांना थेट वापरता येत नाही, तेव्हा नुसत्या हवेवर त्यांचे पोट भरत नाही.

ही झाडे पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात त्याचे अन्न करतात, त्यामुळे पाण्याची वाफ कमी उडते. म्हणूनच पाणी सकाळी द्यावे. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांना हा वायू नीट घेता येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास पाण्यात बुडवून, उलटे धरून झटकावे आणि वाऱ्यावर सुकू द्यावे, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचले की गाभा कुजतो. बंद काचपात्र तर त्यांच्या मुळावरच येते.

फुलून गेल्यावर हे झाड हळूहळू मरते, हेही कुणी सांगत नाही. पण त्याआधी बुडाशी पिल्ले फुटतात, तेव्हा फूल सुकले म्हणून झाड फेकून देऊ नये. विक्रेत्यांनी निदान एवढी माहिती चिठ्ठीवर लिहून रोपासोबत द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक